क्रिस्तपुराण आणि त्याचे श्रोते

फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु जें लिहिलें गेलें त्यांतील बहुतेक ग्रंथकर्त्याविषयीं आहे. तो इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मला, १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला, पुढील चाळीस वर्षें बहुतांशीं साष्टींत राहिला व १६१९ सालीं वारला. त्याची ओवी आपल्या जुन्या कवींच्या वळणाची आहे. परकीय असून त्यानें मराठीचें स्तवन केलें व तें आमच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत पोंचलें. ह्या गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत. त्या पुन्हा सांगण्यांत हशील नाहीं. हा ग्रंथ ज्यांनीं ऐकला ते कोण, आणि तो ऐकण्याची गरज त्यांना कां पडली, हें मात्र क्वचितच कोणी विचारलें. प्रस्तुत लेखांत तेवढेंच विचारावयाचें आहे.

प्रथम एक कबुली. शाळेंत पस्तीस वर्षें संस्कृत आणि मराठी शिकवीत असतां ह्या ग्रंथाची बोळवण मी ‘वेषांतर’ ह्या एका शब्दानें करीत आलों. पुराणाची कफनी पांघरलेला पाद्री, असें म्हणून मुलांना हंसवीत असें. त्या विनोदाचा आतां फार पश्चात्ताप होतो असें म्हणणें नाटकी होईल. पण तो विनोद अर्धवट वाचनावर उभा होता, हें कबूल केलें पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं नामपुरांतील माझे एक ख्रिस्ती सहशिक्षक वारले. घराणें मूळचें नगरकडील. त्यांच्या पुस्तकांत श्री. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्याहून प्रसिद्ध केलेली क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत होती. त्यांच्या पत्नीची दृष्टि अधू झालेली, घर एकाएकीं रिकामें झालेलें. माझ्या घरीं चातुर्मासांत पोथी लागते हें त्यांना ठाऊक होतें. एके दिवशीं तें पुस्तक पुढें करून त्या म्हणाल्या, “गुरुजी, आमच्याहि घरीं एक पोथी लावा.” अशा रीतीनें आठवड्यांतून दोन सायंकाळीं, मोसम नदीच्या अंगास असलेल्या त्यांच्या ओसरीवर, भागवत वाचीत म्हातारा झालेला मनुष्य ख्रिस्ताचें पुराण वाचूं लागला.

पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरांत (अध्यायास स्टीफन्स ‘अवस्वर’ म्हणतो) हा ग्रंथ कसा जन्मास आला तें सांगितलें आहे. ख्रिस्ती धर्माची शिकवण चाललेली असते. ऐकणारांपैकीं एक जण उठून पाद्रीस विनंति करितो, तिचा आशय असा: तुम्ही शिकवितां तें उत्तम आहे, परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं तसें दुसरें पुराण आम्हांस कां करून देत नाहीं? श्रोत्यानें प्रश्न करावा व वक्त्यानें कथा आरंभावी, हा संकेत आपल्याकडे नैमिषारण्यापासून चालत आलेला. शौनकादि ऋषि सूतास विचारितात, तसेंच हें. केवळ रचनेची रीत. असें समजून मी ही जागा वर्षानुवर्षें ओलांडून जात असें. बाईंनीं मला तेथें थांबविलें. “तें मागणें पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या. पुन्हा वाचल्यावर कांहीं वेळ बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, “ज्याच्या घरांतलें माणूस गेलें तो असेंच बोलतो. गेलें तें गेलें. पण आतां रात्रीं काय करूं, तें सांगा.”

ह्या एका वाक्यानें मला साष्टीचा इतिहास नव्यानें उघडावा लागला. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन सुरू झालें. तें मधल्या अल्पशा खंडासह १८१२ पर्यंत चाललें. १५६७ सालीं साष्टींतील देवळें मोठ्या संख्येनें पाडलीं गेलीं. जुन्या धर्माचे ग्रंथ जवळ बाळगणें हा अपराध ठरला. जेझुइटांनीं ह्या काळीं हस्तगत केलेल्या कथांचीं रोमन लिपींत उतरून घेतलेलीं बाडें पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत आजहि आहेत. रामायण-महाभारतांतील हीं आख्यानें ज्यांच्या घरांतून गेलीं त्यांच्याकडे मागें काय उरलें असेल, हें आमच्या संग्राहकांनीं मनांत आणून पाहावें. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. सूड म्हणून गांवच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून कापण्यांत आलें. त्या पांचांचीं प्रेतें परत मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करणारांत स्टीफन्स होता. म्हणजे तेहतीस वर्षांनंतर ज्याचें पुराण छापलें गेलें, त्या लेखकानें दोन्ही बाजूंचें रक्त जवळून पाहिलें होतें.

अशा प्रदेशांत पुराण मागणारा तो मनुष्य कोणत्या स्थितींत होता? त्याचा धर्म पालटला होता. स्वेच्छेनें, भीतीनें कीं गांवकीबरोबर, हें प्रत्येकाच्या बाबतींत निराळें. परंतु सायंकाळीं दिव्याशीं बसून ओवी ऐकण्याची संवय पालटलेली नव्हती. त्याला धर्मतत्त्वें मिळालीं होतीं; तीं पाठ म्हणावयाचीं, चुकल्यास दुरुस्त व्हावयाचीं. शिकवणुकींत मनुष्य सदा विद्यार्थीच राहतो. पुराणांत तो श्रोता होतो, आणि श्रोत्यास आपल्या परंपरेंत आसन आहे, मान आहे. वक्ता त्याला वंदन करून आरंभ करितो. त्या मनुष्यानें मागितलें तें हें आसन होय. स्टीफन्सच्या बुद्धीचें श्रेय मला येथें वाटतें, कीं मागणें काय आहे तें त्यानें ओळखलें व ग्रंथाच्या तोंडाशीं तें नमूद करून ठेविलें. लपविणें त्याला सोपें होतें. जें बंद झालें तें बंद झालें, असें ग्रंथांत उघड बोलूं देणें हें त्या काळच्या गोव्यांत साधें नव्हतें.

पुढेंहि श्रोते मधून मधून शंका काढितात व पाद्री उत्तर देतो. उत्तरें नेहमींच समाधानकारक नाहींत. कोठें कोठें तर शंकाच अधिक बळकट वाटते. परंतु जेथें बाहेर शंका विचारल्यास न्यायाधिकाऱ्यापुढें उभें राहण्याची भीति, तेथें ह्या ग्रंथाच्या आंत शंका विचारण्यास मुभा आहे. छळाच्या दिवसांत मनुष्यास धीर येतो तो केवळ आश्वासनाच्या शब्दांनीं येत नाहीं. आपला प्रश्न ऐकून घेतला जातो, ह्यानेंहि येतो. आमच्या टीकाकारांनीं ह्या संवादांकडे ‘पौराणिक शैलीचें अनुकरण’ म्हणून पाहिलें, मीहि त्यांतलाच.

दोष सांगितल्याविना सोडतां येत नाहीं. ग्रंथ प्रचंड आहे: पहिल्या पुराणाचे छत्तीस, दुसऱ्याचे एकोणसाठ असे पंच्याण्णव अवस्वर, ओव्या सुमारें अकरा हजार. पहिल्या पुराणांत वंशावळी व प्रसंगांच्या याद्या कंटाळा आणितात. बाईंनाहि एकदां पेंग आली, व ती त्यांनीं लपविली नाहीं. याहून गंभीर दोष निराळा. पूर्वजांच्या देवांविषयीं कवि जेथें बोलतो तेथें त्याची वाणी कठोर होते, व श्रोत्यास मिळणारा नवा मान त्याच्या आजापणजांच्या अवमानाच्या किंमतीस पडतो. हा हिशेब मला कधींच चुकता होईल असें वाटत नाहीं. त्याच वेळीं हेंहि पाहावें, कीं जो छंद, जीं उपमानें, ‘वैकुंठ’, ‘मुक्ति’, ‘गुरु’ हे जे शब्द तो वापरितो, ते त्याच आजापणजांचे आहेत. कवीच्या तोंडचा तिरस्कार आणि त्याच्या ओवीचा आदर हीं एकमेकांस खोडीत राहतात. ऐकणाराच्या कानांत शेवटीं काय उरत असेल? माझा अंदाज, ओवी उरत असेल. पण हा अंदाज मी स्वतः ओवीच्या मोहांत सांपडलेला असल्यामुळें वाचकांनीं सावधगिरीनें घ्यावा.

मराठीच्या स्तवनाविषयीं एवढेंच. तें रत्नाची, मोगरीची, कस्तुरीची उपमा देऊन मराठीस इतर भाषांत अग्रपूजा देणारें प्रसिद्ध स्थळ आपण नेहमीं आपल्या अभिमानासाठीं उद्धृत करितों. तें ज्यांच्यासमोर प्रथम म्हटलें गेलें त्यांच्यासाठीं वाचून पाहावें. राज्यकर्त्याची भाषा पोर्तुगीज, पूजेची लॅटिन. आणि राज्यकर्त्याच्याच देवळांतला एक गोरा मनुष्य सांगतो, कीं तुमच्या घरांत बोलतां ती वाणी हिणकस नाहीं. प्रस्तावनेंत तो असेंहि स्पष्ट करितो, कीं प्राचीन कवींचे अवघड शब्द गाळून सामान्य लोकांस कळावें म्हणून ब्राह्मणांच्या चालू बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत. पांडित्याच्या दृष्टीनें ही मिसळ. ऐकणाराच्या दृष्टीनें ओळखीचा आवाज.

आतां हस्तलिखितांच्या वाचकांस विशेष रुचेल अशा भागाकडे वळूं. क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं पुन्हा. तीन वेळां छापून ह्या तिहींपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जें आपल्यापर्यंत आलें तें सर्व हातानें लिहिलेलें. मुद्रणानें ग्रंथ टिकतो व लेखनानें नासतो, हा आपला नेहमींचा समज. येथें उलट झालें. कारणें शोधण्यास दूर जावयास नको. १६७४ नंतर गोव्यांतील छापखाना बंद पडला तो १८२१ पर्यंत. १६८४ सालीं व्हाइसरॉयानें फर्मान काढलें, कीं लोकांनीं तीन वर्षांत देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या संस्थेनें पुराण दिलें होतें त्याच संस्थेच्या छायेंत पुराणाच्या भाषेवर अशी पाळी आली. म्हणजे एका शतकाच्या आंत श्रोत्यांना दुसऱ्यांदा तोच प्रश्न पडला: हेंहि बंद, तर आतां काय? ह्या वेळीं विनंति करावयास कोणी उरला नव्हता. त्यांनीं लेखणी घेतली.

नकला कोठें सांपडल्या हें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रा. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास जी आवृत्ति काढिली ती पांच हस्तलिखितांवरून, रोमन लिपींत. कानडा जिल्ह्यांत हीं हस्तलिखितें कशीं गेलीं? गोव्यांतून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या गांठोड्यांतून. त्या परागंदा होण्याचीं कारणें अनेक: इन्क्विझिशनचा जाच, दुष्काळ, करभार, आणि (हें आमच्या इतिहासमंडळांत बोलण्यास जड जातें) मराठी स्वाऱ्या. १६८३ सालीं संभाजीमहाराजांच्या स्वारीनें गोवें हादरलें. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेच्या जोडीनें व्यंकटराव घोरपडे साष्टींत उतरले व मडगांव पडलें. वसईच्या विजयाचें वर्णन करितांना माझा स्वर वर्गांत नेहमीं चढत असे. त्याच सुमारास ओव्यांचें बाड कांखेस मारून दक्षिणेस निघालेला साष्टीकर माझ्या वर्गांत कधीं आला नाहीं.

कानड्यांत त्यांच्यावर आणखी एक संकट यावयाचें होतें. दुसऱ्या म्हैसूर युद्धांत इंग्रजांस साहाय्य केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानानें १७८४ सालीं तेथील ख्रिस्ती लोकांना सरसकट धरून श्रीरंगपट्टणास नेलें. बंदिवानांच्या संख्येविषयीं मतभेद आहेत. हजारोंनीं नेले व वाटेवर आणि बंदींत त्यांतील फार मोठा भाग मेला, याविषयीं नाहींत. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, पंधरा वर्षें, ही स्थिति राहिली. गोव्याहून आलेल्या पाद्र्यांना आधींच हद्दपार केलें होतें. पाद्री नाहीं म्हणजे मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्यास शेवटचें तैलाभ्यंजन नाहीं. त्या पंथांत धर्माचीं दारें बंद होण्यासारखेंच हें आहे. ह्या पंधरा वर्षांत क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीं बंदिवानांना धरून ठेविलें, अशी परंपरा मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांत आहे. परंपरेस मी परंपरा म्हणूनच घेतों. तथापि तिच्यांत असंभाव्य कांहीं नाहीं. संस्कारास पाद्री लागतो. ओवीस लागत नाहीं. फारोच्या राज्यांत विटा पाडणाऱ्या इस्राएल लोकांची कथा पहिल्या पुराणांत आहे. परक्या सुलतानाच्या वेठीस राबणाऱ्यांना ती ऐकतांना भाष्याची आवश्यकता पडली नसेल. दुसऱ्या पुराणांत निरपराध मनुष्यास धरून नेणें, फटके, क्रूस. ज्याला आपण टाकून दिलेले आहों असें वाटतें त्याला देवहि एकदां असाच टाकला गेला होता, हें ऐकण्यांत केवढा मान आहे, हें बाहेरून सांगतां येणार नाहीं. दुसऱ्या पुराणांतील तो भाग आम्हीं ओसरीवर वाचला, त्या दिवशीं बाईंनीं दिवा लावण्यासहि उठूं दिलें नाहीं. शेवटच्या ओव्या मीं अंधारांत चाचपडत म्हटल्या.

ह्या दृष्टीनें मार्सडेन प्रतीच्या वादाकडे पाहावें. विल्यम मार्सडेन ह्या इंग्रज संग्राहकाच्या संग्रहांतून एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या प्राच्यविद्यालयांत गेलें. जस्टिन अॅबट यांनीं १९२३ च्या सुमारास त्याची वार्ता विद्वानांस दिली व तेंच मूळ होय असें प्रतिपादिलें. त्यांत पोर्तुगीज-लॅटिन वळणाच्या शब्दांच्या ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. पुढील अभ्यासकांनीं हें मूळ नसून मागाहून केलेलें संस्करण असावें, असा पक्ष मांडला. मला दुसरा पक्ष अधिक पटतो. पण संस्कृतज्ञ म्हणून माझा कल सहज पहिल्याकडे झुकत होता, हेंच मला सांगावयाचें आहे. ‘स्पिरितु सांतु’ वाचतांना माझी जीभ अडखळे व संस्कृत शब्द आला कीं सुटे. बाईंची अडखळत नसे. त्या म्हणाल्या, “नांव बदललें कीं हाक पोंचत नाहीं.” पाठभेद निवडतांना ‘शुद्धतर तें मूळ’ असें धरणारांनीं हें वाक्य टिपून ठेवावें. श्रीरंगपट्टणाच्या वाटेवर ज्या ओव्या म्हटल्या गेल्या असतील त्या मिश्र शब्दांच्याच असणार.

“हें आमच्या टिळकांच्या आधींचें का?” असें बाईंनीं एकदां विचारलें. ओवी ऐकून त्यांना टिळकच आठवले, हें स्वाभाविक. नारायण वामन टिळक नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकले. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली, व नगरास त्यांचें आयुष्य गेलें. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. स्टीफन्स व टिळक यांत तीन शतकांचें अंतर, पण तुलना उपयोगाची आहे. स्टीफन्सचा प्रश्नकर्ता ब्राह्मण. त्याच्याजवळ पुराण होतें, तें गेलें, त्यानें दुसरें मागितलें. टिळकांचे नगरकडील श्रोते बहुशः महार-मांग. देवळाच्या पायरीखालीं उभें राहून ऐकलेल्या अभंगांखेरीज त्यांच्याजवळ हिरावून घेण्यासारखें कांहीं ठेविलेंच नव्हतें. आणि ज्यांनीं ठेविलें नव्हतें ते आम्हीच. साष्टींत ओवीनें गेलेला मान परत दिला. नगरास अभंगानें कधीं न मिळालेला दिला. माझे सहशिक्षक ह्या दुसऱ्या परंपरेंतले. शिक्षकांच्या खोलींत त्यांचा पेला निराळा असे, त्या दिवसांत मींहि त्याविषयीं कांहीं बोललों नव्हतों.

टिळकांनीं १९०९ च्या सुमारास ओवींत आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ अपुरें टाकून ते १९१९ सालीं गेले. तें पुरें केलें लक्ष्मीबाईंनीं. ह्या आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीच्या धर्मांतराचा आघात, वियोगाचीं वर्षें, सोंवळ्याच्या कडक घरांतून निघून १९०० सालीं स्वतः घेतलेली दीक्षा, हें सर्व ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊक आहे. त्या पुस्तकांत धर्माचें मंडन जवळजवळ नाहीं. आपल्या दैन्यावरहि बाई हंसतात. क्रिस्तपुराणाच्या तुलनेनें मला तेथें एक पाऊल पुढें पडलेलें दिसतें: प्रश्न विचारणारी श्रोती येथें स्वतः वक्ती झाली, आणि पूर्वाश्रमीच्या देवांस एक कठोर शब्द न बोलतां झाली. १९३६ सालीं त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालें तें १९३८ सालीं. त्याची साहित्यदृष्ट्या योग्यता काय हा प्रश्न निराळा. मला तें क्रिस्तपुराणाहून फिकें वाटतें. बाईंस हें मान्य नाहीं.

असो. संग्राहकांस एक विनंति आहे. कोंकणपट्टींत, कारवार-मंगळूरकडे किंवा तेथून मुंबई-पुण्यास आलेल्या घराण्यांत रोमन लिपींतील ओव्यांचीं सुटीं पानें अद्याप निघण्याचा संभव आहे. लिपि परकी, पाठ भ्रष्ट, आरंभ-शेवट नाहीं, म्हणून तीं बाजूस टाकूं नयेत. पान उलटून उलटून कोणता कोपरा झिजला आहे, मेणाचे डाग कोणत्या अवस्वरावर आहेत, समासांत कोणी जन्ममृत्यूच्या तिथि टिपल्या आहेत काय, हें पाठभेदांइतक्याच काळजीनें नोंदवावें. आणि पानें नव्यानें बांधतांना कडा कापूं नयेत. माझ्या वाचनाच्या बंडेलू-प्रतींतहि आतां एका पानावर तेलाचा डाग पडला आहे. तो पुसण्याचा प्रयत्न मी केला असतां बाईंनीं नको म्हटलें. दुसऱ्या पुराणाचे अकरा अवस्वर अद्याप वाचावयाचे आहेत.